विजेचा लगाम आणि वेल्डरचा पाय

‘हातमाग’ या शब्दात पायाला जागा नाही. आपल्या संगमनेरच्या विणकरांची घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांस ठाऊक आहे की, धोटा फेकतो तो हात हे खरे. परंतु ताण्याचे धागे वरखाली करतात ते पावड्यांवरचे पाय. नाव मात्र हाताला मिळाले. पायाच्या कसबाची ही उपेक्षा विजेच्या युगातही कशी चालू राहिली, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते टिग वेल्डिंगचे. विषय रुक्ष वाटेल. पण अनंत फंदींच्या गावचे श्रोते यंत्राचा फटकाही गोडीने ऐकतील, असा आमचा भरवसा आहे.

विजेच्या प्रज्योतीने धातू वितळवून सांधण्याची विद्या १८८० च्या दशकात बेनार्दोस या रशियन गृहस्थाने कोळशाच्या कांडीवर दाखविली. पुढे धातूची कांडीच वितळून सांध्यात भरू लागली. तापलेल्या धातूला हवा बाधते म्हणून कांडीवर लेप आला. पोलादाचे काम त्याने भागले. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम मात्र दाद देईनात, आणि विमाने तर हलक्या धातूंचीच करावयाची! तेव्हा १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची न वितळणारी कांडी घेतली आणि तिच्याभोवती हेलियमचे कवच धरले. १९४२ साली त्याचे पेटंट झाले. हाच तो हेलियम, ज्याचा माग १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्यावर लागला आणि ज्याची आठवण विजयदुर्गचे लोक ‘साहेबाचे ओटे’ दाखवून काढतात. पुढे बहुतेक ठिकाणी त्याची जागा आरगॉनने घेतली. टंगस्टन आणि ‘इनर्ट गॅस’, म्हणजे अक्रिय वायू, यांच्या आद्याक्षरांचे मिळून ‘टिग’ झाले.

युद्धात वाढलेल्या या विद्येचे आमच्या भागातले घर म्हणजे दूध. स्टेनलेस पोलादाची दुधाची नळी आतून गुळगुळीत सांधली गेली नाही, तर फटीत दूध साचते, नासते, आणि कितीही धुतले तरी जंतू हटत नाहीत. नळीची जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास. तिला साधारण साठ अँपिअर पुरतात. वीज थोडी वाढली की भोक पडते, कमी पडली की सांधा आतपर्यंत पोचत नाही. शिवाय नळी काम चालू असतानाच तापत जाते; म्हणजे आरंभीचे साठ शेवटी जास्त होतात.

आता वेल्डरची अवस्था पाहा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची तार, डोळ्यांपुढे काळी काच. विजेचा संच मात्र दूर, आणि प्रवाह बदलण्याची मूठ त्या संचावर. म्हणून संचापाशी एक हेल्पर पोरगा उभा असे. वेल्डर ओरडे, “दहा कमी कर!” आणि तो मूठ फिरवी. पुष्कळसे वेल्डर असेच, मूठ फिरवता फिरवता, तयार झालेले आहेत.

दुरून प्रवाह हाताळण्याची युक्ती मुळात सोपी आहे. जनित्राच्या चुंबकाला लागणारा प्रवाह अल्प असतो. तो बदलला की सांध्यावरचा मोठा प्रवाह बदलतो. म्हणजे बारीक तारेने मोठ्या विजेला लगाम घालता येतो. पुढे थायरिस्टर आला, त्यानंतर इन्व्हर्टर आला, आणि लगाम अधिकच हलका झाला. त्याचे टोक वेल्डरच्या पायाखाली पायडल म्हणून आले. पराचीवर उभे राहून काम करणाऱ्यास पायडल निरुपयोगी, म्हणून त्याच्यासाठी टॉर्चवरच अंगठ्याने फिरवायचे चाक आले.

पायडल दाबले की ज्योत पेटते. आणखी दाबले की वितळलेल्या धातूचे चकचकीत डबके तयार होते. नळी तापू लागली की पाय किंचित उचलावयाचा. शेवटी तर तो एकदम काढावयाचाच नाही. हळूहळू सोडावयाचा, नाहीतर शेवटच्या खळग्यात चीर पडते. ज्योत विझल्यावरही टॉर्च जागेवरच धरावा लागतो, कारण काही क्षण वाहणारा वायू लाल सांध्याला हवेपासून राखतो. हे सारे पुस्तक वाचून येत नाही. टाच अन् चवडा यांच्यामधला तो तोल अंगी बाणायला महिनोन् महिने जातात.

परंतु या पायाला पूर्ण स्वराज्य नाही. संचाच्या तोंडावर कमाल आकडा लावलेला असतो. तो ऐंशीवर असेल तर पाय जमिनीला टेकला तरी ऐंशीच. तो आकडा लावणारा बहुधा सुपरवायझर. सांधा गळला तर जाब मात्र वेल्डरला! आमच्या विडी कामगार भगिनींना हे नवे वाटणार नाही. पान दुसऱ्याचे, तंबाखू दुसऱ्याची, नापास विडीचा तोटा मात्र त्यांचा.

जिल्ह्यातल्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, पायडल येताच व्यवस्थापनाने विचारले, “आता हेल्पर कशाला?” मूठ फिरवण्यापुरता प्रश्न रास्त होता. पण टाकीच्या आत काम चालले असता काय? आरगॉन हवेहून जड. त्याला रंग नाही, वास नाही. तो तळाशी साचून प्राणवायूला हुसकतो, आणि आतल्या माणसाला कळण्यापूर्वीच त्याची शुद्ध जाते. बंदिस्त जागेत माणूस उतरवण्याविषयीची खबरदारी १९४८ च्या कारखाने कायद्याने ३६ व्या कलमात घालून दिली होती, ती उगाच नव्हे. आम्ही म्हटले, हेल्परचे काम मूठ फिरवणे एवढेच तुम्ही मोजलेत. तो टाकीच्या तोंडाशी उभा राहून आतल्याचा आवाज ऐकत असे, ते मोजलेच नाही. तीन बैठका झाल्या. टाकीच्या कामापुरता माणूस राहिला. उघड्यावरच्या कामाचा गेला, आणि त्याच्याबरोबर शिकण्याची जागाही गेली.

आता तर नळीभोवती आपोआप फिरणारी टिग यंत्रे आली आहेत. कोठे किती अँपिअर, हे त्यांच्या स्मरणात आधीच भरलेले असते. पायाला काम नाही. मात्र ते आकडे ठरवण्यासाठी नमुन्याचे सांधे करवून घेतात ते पायडलवरच्या जुन्या वेल्डरकडून. त्या दिवसांची मजुरी कोणत्या श्रेणीने द्यावी, हे कलम आम्ही या वर्षीच्या मागणीपत्रात घातले आहे.