कडा चढायचा तो पायांनी

मांजरसुंबा नावाची दोन गावे आहेत, आणि गडकिल्ल्यांच्या नादी लागलेला माणूस कधीमधी चुकीच्या गावी येऊन पोहोचतो. किल्ला आहे तो नगर जिल्ह्यात, डोंगरगणजवळच्या मांजरसुंब्याला. आमचे मांजरसुंबा बीड जिल्ह्यातले, बालाघाटाच्या माथ्यावरचे, धुळे-सोलापूर महामार्गावरचे चौफुलीचे गाव. इथे किल्ला नाही. घाट आहे, जवळच कपिलधारेचा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी आहे, आणि आसपासच्या खेड्यांतून जुने आड आहेत. कडा चढण्याच्या अंगकसबाचा इतिहास किल्ला नसलेल्या गावात बसून लिहिण्याचे कारण हे आडच आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी आजचे. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई या शहरांत आता चढाईच्या कृत्रिम भिंती झाल्या आहेत. प्लायवूडच्या भिंतीवर रंगीत होल्ड बोल्टने घट्ट बसवलेले असतात. बोल्डरिंगच्या भिंतीची उंची साधारण चार-साडेचार मीटर. दोरी नसते, खाली जाड गादी असते. एका रंगाचे होल्ड धरत वर जायचे, हे झाले एक कोडे. आमच्या भागातली पोरे नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला जातात, त्यांतली काही या भिंतींवर जाऊ लागली आहेत. माझा भाचा त्यांपैकी एक. त्याचे दंड चांगले कमावलेले, आणि तरी पहिल्या दिवशी तो पाच मिनिटांत हात झटकत खाली बसला. शेजारी एक किडकिडीत मुलगी तीच भिंत गप्पा मारत चढत होती. प्रशिक्षकाने त्याला काय काय सांगितले ते मी त्याच्याकडून लिहून घेतले, कारण मला त्यात इतिहासाचा धागा दिसला.

सांगितले ते असे. हाताने स्वतःला ओढू नकोस, पायाने ढकल. कोपर वाकवून लटकलास तर दंडाचा स्नायू जळतो. हात सरळ ठेवलास तर वजन हाडांवर आणि सांध्यांवर येते, स्नायूला विसावा मिळतो. पाय ठेवताना तो टेकेपर्यंत त्याच्याकडे पाहा, नजर आधीच वरच्या होल्डकडे नेऊ नकोस. पाऊल सपाट ठेवू नकोस, अंगठ्याच्या टोकाजवळची कड ठेव, म्हणजे त्याच जागी पाय वळवता येतो. पावलाचा आवाज झाला तर समज की पाय ठेवला नाहीस, आपटलास. कंबर भिंतीला चिकटव. कंबर जितकी बाहेर, तितका भार बोटांवर, हे साधे तरफेचे गणित आहे. भिंत अंगावर येत असेल तर समोरून भिडू नकोस, एक कुशी भिंतीकडे कर आणि मोकळा पाय आडवा पसरून तोल धर. तिरप्या, आपल्या विरुद्ध दिशेला झुकलेल्या भिंतीवर तर दोन्ही मुठींत टेनिसचा चेंडू धरून चढायला लावतात, म्हणजे बोटांनी धरण्याचा मोहच होत नाही. शिवाय बोटांची घाई करायची नाही: दंडाचे स्नायू काही महिन्यांत वाढतात, बोटांतले स्नायुबंध तयार व्हायला वर्षे लागतात. नव्या पोरांची बोटे दुखावतात ती यामुळे.

युरोपात हे शहाणपण लिहून ठेवले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. ऑस्कर एकेनस्टाईन हा इंग्रज गिर्यारोहक 1892 मध्ये काराकोरमच्या मोहिमेवर आला होता. मोठ्या शिखरांवर जाणारा हा माणूस वेल्समध्ये लहान शिळांवर तासन्तास तोल साधण्याचा सराव करी. पुढे पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात वाळूच्या दगडाच्या शिळांवर चढणाऱ्यांची पिढी तयार झाली. त्यांच्यातल्या पिएर अलॅं याने गुळगुळीत रबरी तळाचा बूट बनवला. सुधारणा पायात झाली, हातात नाही, हे लक्षात घ्यावे. अमेरिकेत 1950च्या दशकात जॉन गिल या गणितज्ञाने व्यायामशाळेतली मॅग्नेशियमची पांढरी पूड शिळेवर आणली; तो मुळात जिम्नॅस्ट होता. 1964 मध्ये लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने भिंतीत दगड बसवून बंदिस्त जागेतला चढाईचा सराव सुरू केला. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे 2021 साली, हा खेळ पदकापर्यंत पोहोचला.

या यादीत आपण कुठे? सह्याद्रीइतके कडे, गडांइतकी चढाई, आणि अंगकसबाबद्दल बोलायला गेले की मराठी माणूस एकच उत्तर देतो: घोरपड.

4 फेब्रुवारी 1670च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला. यशवंती नावाच्या घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर चढवले, ती एकदा परत फिरली, मग दटावल्यावर वर जाऊन चिकटली आणि मावळे दोरावरून चढले, ही कथा शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती आली पोवाड्यातून. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात घोरपड आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात घोरपड नाही. तिच्यात आहेत दोन निवडक मावळे. त्यांनी रात्री कडा चढून जाण्याचे कबूल केले, ते वानरासारखे वर गेले, त्यांनी वर माळ लावली, म्हणजे दोराची शिडी, आणि मग तिच्यावरून तानाजींसह सुमारे तीनशे माणूस चढले.

हा तपशील मला अतिशय खरा वाटतो, कारण गिर्यारोहणात आजही असेच करतात. सर्वांत कसबी माणूस किंवा जोडी आधी मोकळी चढते, वर दोर पक्का करते, बाकीचे त्या दोराच्या आधाराने येतात. तीनशे जणांना कडा चढता येण्याची गरज नसते. दोघांना आली तर पुरे, पण त्या दोघांना ती खरोखर यावी लागते: अंधारात, आवाज न करता, डोणागिरीच्या कड्यावर. पावलाचा आवाज झाला तर पाय ठेवला नाहीस, हे वाक्य भिंतीवर शिकवणीचे असते. तिथे ते जिवावरचे होते.

घोरपडीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावाची जी कथा सांगतात, तिच्यातही बहमनी काळात घोरपडीला दोर बांधून किल्ला चढल्याचे येते. म्हणजे ही गोष्ट फिरती आहे, सिंहगडाच्या आधीचीही असू शकेल. प्राणी म्हणून पाहिले तर मोठी घोरपड काही किलोंची. ती फटीत अंग फुगवून चिवटपणे बसते हे खरे, पण कुठे बसावे हे तिला सांगता येत नाही, आणि हत्यारबंद माणसाचे वजन दोरावर आल्यावर ती बसून राहील यावर कोणता सेनानी मोहीम लावील? इतिहासकारांनी ही कथा केव्हाच बाजूला ठेवली आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कथा खोटी असण्यापेक्षा तिने काय झाकले हे मला अधिक सलते. कसब जनावराच्या नखांना दिले गेले आणि ज्या दोघांच्या पायांत ते होते, त्यांची नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत. 1673 मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी पन्हाळा असाच रात्री घेतला. कोंडाजीचे नाव राहिले, बाकीच्यांचे नाही.

चढण्याचे शास्त्र जाणणारे लोक या मुलखात होते, याचा पुरावा कागदापेक्षा दगडात जास्त सापडतो. देवगिरीचा डोंगर पाहा. यादवांच्या काळात त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सुमारे पन्नास मीटरचा उभा, सपाट कडा केला गेला. दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा बसलेला असतो. प्रत्येक थराच्या सांध्यावर पाऊल टेकेल अशी कड राहते, आणि चढणारा त्या कडांवर जगतो. देवगिरीच्या पाथरवटांनी नेमक्या त्याच कडा काढून टाकल्या. चढणारा माणूस पायाने चढतो हे ज्याला नीट कळलेले आहे, तोच असा कडा तासू शकतो. आजच्या कृत्रिम भिंतीवर होल्ड बसवणारा कारागीर पाय कुठे मिळावा आणि कुठे मिळू नये हे ठरवतो; देवगिरीवर तेच काम छिन्नीने झाले आहे, फक्त उलट दिशेने.

सुलट दिशेचे काम म्हणजे आपल्या गडांवरच्या पावठ्या. नाशिककडच्या हरिहर गडाच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. त्यांत पायाला पायरी आहे आणि हाताला बाजूच्या खोबण्या आहेत. खोबणी तोल धरण्यापुरती, भार सगळा पायावर. 1818 नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या. अलंग आणि मदन इथे त्यामुळेच आज दोर लावून कातळटप्पा चढावा लागतो. गड निकामी करायला त्यांनी तटापेक्षा आधी पायऱ्यांना हात घातला, यातच सगळे आले.

हे झाले कड्याचे. आता घरातल्या सरावाचे, कारण कृत्रिम भिंतीचे खरे नाते मला मल्लखांबाशी दिसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभाचा उल्लेख आहे, आणि कल्याणी म्हणजे आमच्या उमरग्यापलीकडचे बसवकल्याण, फार लांब नाही. पुढे ही विद्या मागे पडली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब हे पहिलवान पुण्याला आव्हान घेऊन आले आणि बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबावर तयारी करून ते स्वीकारले, अशी परंपरा सांगते. (1948 पर्यंत बीडही त्याच निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे या गोष्टीत कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात असा प्रश्न मला लहानपणी पडे.) सप्तशृंगीच्या डोंगरावर मारुतीने दृष्टांत दिला, वानरांच्या उड्यांवरून पकडी सुचल्या, असेही सांगतात. सभासदाचे मावळेही वानरासारखेच चढले होते. वानर हा निरीक्षणाचा विषय आहे, त्याच्याकडून शिकता येते. घोरपडीला फक्त दोर बांधता येतो.

पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल लावतात. घर्षण कमी झाल्यावर नुसत्या हाताच्या जोरावर तिथे कोणी टिकत नाही. अढी मारायची ती पायांनी, मांड्यांच्या आवळण्याने. वेल या प्रकारात खांबाभोवती अंग वेलीसारखे वळवत वर जायचे, कंबर खांबापासून सुटली की घसरलाच. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोरी धरतात. भिंतीवरचा प्रशिक्षक टाच अडकव, अंगठा अडकव, कंबर आत घे म्हणून ओरडतो, ते आपल्याकडे तालमीत ओरडून झालेले आहे. बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड ज्याने चाळले त्याला हे वेगळे सांगायला नको. आणखी एक साम्य: कुस्तीच्या तयारीसाठी आलेला खांब पुढे स्वतःच खेळ झाला. कड्याच्या तयारीसाठी उभारलेली भिंतही तशीच स्वतःचा खेळ झाली. कडा कधीच न पाहिलेली मुले आज तिच्यावर पारंगत असतात, आणि त्यात नाक मुरडण्यासारखे मला काही वाटत नाही. मल्लखांबपटूला कुस्ती येते का, असे आपण विचारत नाही.

महाराष्ट्रात आधुनिक प्रस्तरारोहण रुजवले ते हौशी संस्थांनी. मुंबईची ‘गिरिविहार’ 1954ची, पुण्याची ‘गिरिप्रेमी’ 1982ची. मे 2016 मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा झाली, भारतातली पहिली, आणि 2017 मध्ये पुन्हा. जगभरचे चढणारे सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन प्लायवूड चढून गेले. मराठवाड्याच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही.

पण आमच्याकडे आड आहेत. आड म्हणजे अरुंद, गोल, पायऱ्या नसलेली विहीर. पोहऱ्याने पाणी शेंदायचे. उन्हाळ्यात गाळ काढायला माणूस आत उतरे. बांधकामात दोन्ही अंगांना खोबण्या किंवा पुढे आलेले दगड ठेवलेले असतात, समोरासमोर नव्हे, एक खाली तर दुसरा वर. उतरणारा एक पाय या भिंतीला आणि एक त्या भिंतीला देऊन फाकून उभा राही. हात बहुतेक मोकळे. पाय दोन बाजूंना दाबत ठेवायचे, भार एका पायावर नेऊन दुसरा हलवायचा, पुन्हा भार बदलायचा. कृत्रिम भिंतीच्या कोपऱ्यात हेच तंत्र वेगळा धडा म्हणून शिकवतात, आणि ताकदीच्या पोरांना तेच सर्वांत जड जाते, कारण ओढायला तिथे काही नसते. माझ्या भाच्याला तेवढे एक पहिल्या दिवशी जमले. आजोळच्या आडात पडलेला पोहरा काढायला तो लहानपणी दोनदा उतरला होता.

गाळ काढणारी ती माणसे आता सत्तरीच्या पुढची आहेत. बोअर आल्यापासून आड बुजवले जात आहेत, काहींवर जाळी बसली, काहींत कचरा पडतो. गडांच्या पावठ्यांची मापे गिर्यारोहकांनी कधीच घेतली. आडातल्या खोबण्यांची कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाहीत. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरले की घाटाखालच्या दोन गावांत मी ते काम सुरू करणार आहे. दोर भाचा लावणार आहे, आणि खोबणीत पाय कसा द्यायचा हे सांगायला एक जुने गाळकरी काठावर खुर्ची टाकून बसायला तयार झाले आहेत.