घरमालक झाला पाहुणा

माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सांगलीच्या घरी दोन प्रकारचे बॉम्ब फुटत. एक अंगणातला सुतळी बॉम्ब आणि दुसरा टीव्हीच्या पडद्यावरचा. नव्वदच्या दशकात बाजारात मिळणाऱ्या नकली व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये खेळांची लांबलचक यादी असे. त्यातल्या एका खेळात मोठ्या डोक्याचा, बुटका, पांढरा गडी चौकोनी गल्ल्यांतून बॉम्ब ठेवत पळायचा. बॉम्ब ठेवायचा, आडोशाला जायचे, विटांची भिंत फुटली की पुढे सरकायचे. आपल्याच बॉम्बच्या तावडीत सापडलो तर आपणच मरायचे. धाकटा भाऊ त्याला ‘बॉम्बवाला’ म्हणे. त्याचे खरे नाव विचारावे असे आम्हा दोघांनाही कधी वाटले नाही.

ते नाव बॉम्बरमॅन हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की त्याचे खरे नाव ठाऊक नसणारे आम्ही दोघेच नव्हतो.

या खेळाचा जन्म जपानमध्ये १९८३ साली झाला. सॅपोरो शहरात १९७३ मध्ये सुरू झालेल्या हडसन या कंपनीने तो घरगुती संगणकांसाठी काढला. पुढच्याच वर्षी तो ब्रिटनमध्ये गेला तो ‘एरिक अँड द फ्लोटर्स’ या नावाने. १९८५ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आला तेव्हा नायकाला त्याचे आजचे ओळखीचे रूप मिळाले. १९९० मध्ये ‘बॉम्बर बॉय’ या नावाने तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर उतरला. तोच खेळ अमेरिकेत ‘अ‍ॅटॉमिक पंक’ झाला, युरोपात ‘डायनाब्लास्टर’. गाव बदलले की नाव बदलायचे, असा त्याचा प्रवास.

या प्रवासातला सर्वांत चमत्कारिक मुक्काम १९९४ सालचा. त्या वर्षी हडसनने जपानमध्ये गेम बॉयसाठी ‘बॉम्बरमॅन जीबी’ प्रसिद्ध केला. त्यात बॉम्बरमॅन होता, त्याचे जग होते, आणि उपरा कोणी नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस निन्टेन्डोने तो अमेरिकेत आणला, तेव्हा त्यात एक नवा माणूस घुसला होता. तो म्हणजे वारिओ.

वारिओ हा मारिओचा खलनायकी जोडीदार. १९९२ च्या एका गेम बॉय खेळात तो मारिओचा शत्रू म्हणून पहिल्यांदा दिसला. जपानी भाषेत ‘वारुई’ म्हणजे वाईट. त्याला मारिओची जोड देऊन हे नाव तयार झाले. मराठी वाचकाला तर ही फोड सांगावीही लागणार नाही, कारण आपल्याकडेही वाईटाची सुरुवात ‘वा’नेच होते. लोभी, जाडजूड, वाकड्या मिशांचा हा गडी लोकांना इतका आवडला की १९९४ च्या सुरुवातीला त्याचा स्वतंत्र खेळही आला.

तर अमेरिकी आवृत्तीची कथा अशी: वारिओला बॉम्बरमॅनच्या जगात शिरायची वाट सापडते आणि तिथली लूट करायचे तो ठरवतो. खेळणाऱ्याने दोघांपैकी एकाला निवडायचे. बॉम्बरमॅन निवडला तर वारिओची फौज समोर उभी राहते. वारिओ निवडला तर बॉम्बरमॅनची. मला यात खेळाचे मूळ रूप दिसते. पट ठरलेला, नियम ठरलेले, फक्त सोंगटी बदलायची. गेम बॉयच्या १६० बाय १४४ ठिपक्यांच्या, चार छटांच्या पडद्यावर ही अदलाबदल बेमालूम बसली.

पण नाव पाहा. खेळाचे शीर्षक होते ‘वारिओ ब्लास्ट’, आणि त्याखाली जोड होती ‘फीचरिंग बॉम्बरमॅन’. आपल्या नाटकांच्या जाहिरातींच्या भाषेत सांगायचे तर ‘वारिओचा धमाका, पाहुणा कलाकार: बॉम्बरमॅन’. वाडा बॉम्बरमॅनचा, बॉम्ब त्याचे, गल्ल्या त्याच्या. आणि दारावर पाटी मात्र लुटायला आलेल्याची. कथेतल्या वारिओला हरवता येते. शीर्षकात मात्र तो आधीच जिंकलेला आहे.

याला फसवणूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. हडसन आणि निन्टेन्डो यांचे संबंध जुने होते. फॅमिकॉमसाठी खेळ काढणारी पहिली बाहेरची कंपनी हडसनच. व्यापाराच्या हिशेबाने पाहिले तर ज्या देशात बॉम्बरमॅन वेगवेगळी नावे घेऊन फिरला, तिथे ओळखीच्या चेहऱ्याचा आधार घेण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो मागे उरलेल्या नोंदीचा.

त्याचे फळ लवकरच दिसले. १९९५ मध्ये हडसनने जपानमध्ये ‘बॉम्बरमॅन जीबी २’ काढला. तो १९९८ मध्ये अमेरिकेत पोहोचला तेव्हा शीर्षकातला दोनचा आकडा गळून पडला होता. तिथे तो नुसता ‘बॉम्बरमॅन जीबी’ होता. पहिला भाग त्या नावाने तिथे कधी आलाच नव्हता, मग दुसरा म्हणणार कशाला? दुसरे अपत्य पहिले ठरले. आज जुने खेळ जमवणाऱ्याला दोन देशांत एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू सापडतात, आणि एकच खेळ दोन नावांनी.

मार्च २०१२ मध्ये हडसन कंपनी कोनामीत विलीन झाली. सॅपोरोच्या त्या कंपनीचे नाव आता जुन्या खेळांच्या पहिल्या पडद्यावरच वाचायला मिळते. म्हणूनच तो पहिला पडदा मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या कॅसेटवर कोणी बनवले याची नोंदच नव्हती. आम्ही तो पडदा दिसायच्या आत बटण दाबून पुढे जायचो, कारण भावाला लवकर बॉम्ब फोडायचे असायचे.

मागच्या दिवाळीत त्याला ही सगळी हकिगत फोनवर सांगितली. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “दादा, तू काहीही म्हण. माझ्यासाठी तो बॉम्बवालाच.”

यादीत मी तेही नाव लिहून ठेवले आहे.