कोयत्याचं पाणी

पूर्वी कोयता कुरुंदाच्या दगडावर, पाणी शिंपडत पाजवत. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसननं विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळसा तापवून कार्बोरंडम बनवलं. त्याची चाकं कारखान्यांत फिरू लागली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी-चिंचवडला, पुढं चाकणला कारखाने वाढले, आणि ग्राइंडर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातही आला. दोन मिनिटांत धार!

पण कोरड्या चाकावर कड तापते. ती निळी पडली, की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. मग कोयता लवकर बोथट होतो आणि ऊस तोडणारीचा खांदा भरून येतो. म्हणून गटानं कानस आणि दुपदरी दगड घ्यावा: आधी खरबरीत बाजू, मग बारीक. ग्राइंडर फक्त मोडलेल्या कडेला, तोही पातं पाण्यात बुडवत, थांबत थांबत.