नाव फरशीवर की भिंतीवर?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात हॉलीवूड नावाचा सिनेमावाल्यांचा भाग आहे. तेथील दोन रस्त्यांच्या पदपथांवर पितळी काठाच्या, गुलाबी रंगाच्या पंचकोनी चांदण्या फरशीत बसविलेल्या आहेत. प्रत्येक चांदणीत एका नामवंताचे नाव. १९६० साली हा उपक्रम सुरू झाला आणि आज चांदण्यांची संख्या २,७०० च्या पुढे गेली आहे. नुसती निवड झाली म्हणजे भागत नाही; चांदणी बसविणे व तिची देखभाल यांसाठी कुणीतरी पैसे भरावे लागतात, आणि ही रक्कम अलीकडे पाऊण लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. कीर्तीलाही पावती फाडावी लागते हे ऐकून वर्गातील मुले खूप हसली.

या हजारो चांदण्यांपैकी एकच भिंतीवर आहे. ती मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये कॅशियस क्ले या नावाने सुवर्णपदक जिंकणाऱ्या या तरुणाने १९६४ साली इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केले व मुहम्मद अली हे नाव घेतले. २००२ साली त्यांना चांदणीचा मान मिळाला, तेव्हा त्यांची एकच अट होती. आपल्या नावात हजरत पैगंबरांचे नाव आहे, त्यावरून कुणी पाय देऊन जाता कामा नये. संयोजकांनी अट मानली आणि चांदणी एका नाट्यगृहाच्या भिंतीवर लावली.

आपल्या मुलखातील माणसाला ही अट समजावून सांगावी लागत नाही. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला टेकविणारी ही माणसे! पण याच मुलखात एका थोर पुरुषाच्या नावाने पायरीही आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी नामदेव पायरी आहे. आत जाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्याला लागावी, अशी संत नामदेवांची इच्छा होती, असे वारकरी मानतात. आणि गंमत पाहा, ज्यांनी पायाखालची जागा मागितली त्यांच्या पायरीवर वारकरी पाय ठेवत नाहीत, माथा टेकवितात.

हे सारे वर्गात सांगत असताना एका मुलाने विचारले, "सर, आपल्या शिराळ्यात असा रस्ता केला तर कुणाची नावे घालायची?" आणि थोडे थांबून, हळूच, "त्यात आपल्यातले कोण असतील?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. तरीही मी मुद्दामच बिळाशीपासून सुरुवात केली. शिराळा म्हटले की लोकांना नागपंचमी आठवते, फार तर समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी येथील मारुती आठवतो. बिळाशी आपल्याच तालुक्यातील गाव. पण तेथे काय घडले ते आमच्या दहावीच्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. १९३० साली, हा भाग सातारा जिल्ह्यात असताना, बिळाशीच्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडला. सागाचे झाड तोडून आणले, गावात उभे केले आणि त्यावर राष्ट्रध्वज लावला. पोलीस तो उतरविण्यास आले तेव्हा बायाबापड्यांनी ध्वजाभोवती कडे केले. ५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला व त्यात दोघे मरण पावले. शंकर भाऊ चांभार आणि धोंडी संतू कुंभार. इतिहासात त्यांची नोंद त्यांच्या धंद्याच्या नावाने झाली आहे. मग मी मुलांना विचारले, हे दोघे आपल्यातले की परके? वर्ग गप्प होता.

त्यानंतर शेजारच्या वाळवा तालुक्यातील वाटेगावकडे वळलो. १ ऑगस्ट १९२० रोजी तेथे अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. वडिलांबरोबर ते वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी गेले. खरा कीर्तीचा रस्ता मला तोच वाटतो. 'फकिरा' कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. १९४४ साली त्यांनी ज्यांच्या सोबतीने लाल बावटा कलापथक उभारले त्यांत शाहीर अमर शेख होते. बार्शीचे हे शाहीर मूळचे मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या खड्या आवाजाने मैदाने भरली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेखही गेले. एकाच्या नावाची चांदणी बसविली तर दुसऱ्याची लांब कशी ठेवणार?

मग त्या मुलासाठी राखून ठेवलेले नाव घेतले. १९३० च्या सोलापूरच्या लढ्यानंतर चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अंमलात आली. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापुरात या चौघांचे पुतळे एकाच चौकात आहेत. मुलाचा चेहरा खुलला. ते साहजिकच होते. लगेच त्याच्या शेजारच्या मुलीने मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव सांगितले. खाँसाहेब जन्मले उत्तरेकडील कैराना येथे, १९३७ साली वारले दक्षिणेत प्रवासात, आणि त्यांची कबर मात्र मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. आपल्यातले ठरायला जन्म येथेच व्हावा लागतो, असे कोठे आहे?

तास संपण्यापूर्वी मुलांना एक काम दिले. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एक नाव आणावे, आणि ते का, हे दोन ओळींत लिहावे. पालकांनी रागावू नये. या कामापायी आठवडाभर अभ्यास थोडा मागे पडला. बहुतेकांनी पुढाऱ्यांची नावे आणली. दोघा-तिघांनी आपल्याच आजोबांची. एका मुलीने मोहल्ल्यातील एका वारलेल्या बाईंचे नाव आणले. घरोघरी कुणी बाई वारली की तिला आंघोळ घालून कफन बांधण्याचे काम त्या बाई करीत, पैसा घेत नसत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

नावे खडूने वर्गाच्या मागच्या भिंतीवर लिहिली आहेत. बिळाशीच्या ध्वजाभोवती उभ्या राहिलेल्या बायांसाठी मुलांनी वरच्या बाजूला जागा रिकामी ठेवली आहे. त्या गावातील एक विद्यार्थिनी आपल्या आजीकडून ती नावे विचारून येणार आहे.