मल्काही, ॲन

(२१ ऑक्टोबर १९५२ – ). झेरॉक्स कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या महिला मुख्य कार्यकारी अधिकारी (२००१–०९). जन्म न्यूयॉर्क राज्यातील रॉकव्हिल सेंटर येथे. टॅरीटाउनच्या मेरीमाउंट महाविद्यालयाच्या पदवीधर (१९७४). झेरॉक्समध्ये विक्री प्रतिनिधी म्हणून प्रवेश (१९७६). पुढे मनुष्यबळ विभागाच्या उपाध्यक्षा.

अरिष्ट : जपानी कंपन्यांची स्पर्धा, अंकीय मुद्रणाचा प्रसार आणि विक्रीयंत्रणेची फसलेली पुनर्रचना यांमुळे १९९९ पासून कंपनीची घसरण झाली. मे २००० मध्ये रिक थोमन यांना प्रमुखपद सोडावे लागले आणि मल्काही अध्यक्ष झाल्या. त्या वेळी कर्ज सु. १७ अब्ज डॉलर होते. सध्याच्या पद्धतीने धंदा टिकणार नाही, असे त्यांनी ऑक्टोबरमध्ये गुंतवणूकदारांना स्पष्ट सांगितले आणि समभाग सु. एक-चतुर्थांशाने कोसळला.

उपाय : दिवाळखोरीचा अर्ज करावा, हा सल्ला त्यांनी नाकारला. चीनमधील व्यवसाय आणि फुजी झेरॉक्स या जपानमधील संयुक्त कंपनीतील आपल्या हिश्श्याचा निम्मा भाग विकला, घरगुती व छोट्या कार्यालयांसाठीच्या इंकजेट यंत्रांचा विभाग बंद केला, ग्राहकांना कर्ज देण्याचे काम मुख्यत्वे जीई कॅपिटलकडे सोपवले आणि लाभांश थांबवला. मात्र संशोधनाचा कणा मोडू दिला नाही. कंपनीची पार्क ही संशोधन प्रयोगशाळा २००२ मध्ये स्वतंत्र उपकंपनी झाली. त्याच वर्षी आयजेन३ हे रंगीत अंकीय मुद्रणयंत्र बाजारात आले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मल्काहींचा संशोधन टिकवण्याचा हाच निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

हिशेबांचे प्रकरण : १९९७ पासूनच्या हिशेबांबद्दल अमेरिकी रोखे आयोगाने केलेल्या कारवाईत कंपनीने एप्रिल २००२ मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता १ कोटी डॉलर दंड भरला व हिशेब दुरुस्त केले. भारतातील उपकंपनीने सरकारी ग्राहकांच्या व्यवहारांत अनुचित रकमा दिल्याचेही त्याच वर्षी कंपनीनेच जाहीर केले.

फलित : २००४ चा नफा ८५ कोटी डॉलरांहून अधिक होता. कर्मचारीसंख्या एक-तृतीयांशाहून अधिक घटली. समभाग १९९९ च्या उच्चांकापर्यंत परतला नाही.

१ जुलै २००९ रोजी अर्सुला बर्न्स यांनी सूत्रे घेतली. फॉर्च्यून ५०० मधील मोठ्या कंपनीत एका स्त्रीकडून दुसऱ्या स्त्रीकडे प्रमुखपद जाण्याचा हा पहिला प्रसंग. २०१० मध्ये मल्काहींनी संचालक मंडळाचे अध्यक्षपदही सोडले. त्यानंतर सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेत कार्य.

कर्ज फेडताना उद्याचे तंत्रज्ञान विकायचे नसते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले.