दार उघडणारा फ्लॅश

'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' वाचायचंय, पण सुरुवात कुठून करायची? १९६१च्या एका गोष्टीपासून. तिच्यात फ्लॅश, म्हणजे बॅरी अ‍ॅलन, दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो आणि तिथल्या जुन्या फ्लॅशला भेटतो.

पुढे डीसीच्या कॉमिक्समध्ये समांतर पृथ्व्या वाढतच गेल्या; नव्या वाचकाला काही उमगेना. हा गुंता सोडवायला मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८५-८६मध्ये १२ अंकांची मालिका केली. आधी हे १२ अंक सलग वाचा. इतर मालिकांत पसरलेले धागे नंतर.

आठव्या अंकात सगळ्यांना वाचवताना बॅरी मरतो. अनेक जगांचं दार ज्यानं उघडलं, ते बंद करणाऱ्या कथेत त्याचाच जीव गेला. १९६१ची ती भेट आधी वाचली असेल, तर या पानावर बोट थांबतं.