मशीन कोणाची?

अकोल्याच्या एमआयडीसीत दाल मिलवाल्यांच्या मागणीप्रमाणे मशीन बनवणं हा माझा धंदा. मिलवाला अडचण घेऊन येतो. तुरीचा तुकडा फार पडतो, साल नीट सुटत नाही, चुनी वाढली. आम्ही एमरी रोलरचा उतार बदलून पाहतो, माल आत सोडायचा वेग कमी करतो, चाळण्या बदलतो. साधलं की मशीन मिलमध्ये लागते, आणि हंगाम संपायच्या आत दुसऱ्या वर्कशॉपचा माणूस टेप लावून तिची मापं घेऊन जातो. मिलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "माया पैशानं बनली ना भाऊ, मंग मशीन माहीच. कोनालेबी दाखवीन."

हे भांडण आमच्या मुलखात कापसाच्या यंत्रासोबत आलं, असं मी मानतो. अमेरिकेत एली व्हिटनीने 1794 साली सरकी काढण्याच्या यंत्राचं, म्हणजे जिनचं, पेटंट घेतलं. यंत्र विकण्याऐवजी शेतकऱ्यांच्या कापसातली सरकी स्वतःच काढून द्यायची आणि मोबदल्यात पाचातले दोन हिस्से ठेवून घ्यायचे, असा त्याचा आणि त्याच्या भागीदाराचा बेत होता. शेतकऱ्यांना हा दर लुटीसारखा वाटला. रचना इतकी सोपी की पाहून लोहारही ती घडवू शकत होता, आणि लोहारांनी घडवलीच. कोर्टात त्याचा हक्क पक्का व्हायला 1807 उजाडलं, तेव्हा पेटंटची मुदत सरत आली होती. 1812 मध्ये त्याने मुदतवाढ मागितली, तीही मिळाली नाही.

आपल्या आखूड धाग्याच्या कापसाला मानवलं ते मॅकार्थीचं रोलर जिन, 1840 चं. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी ते बनवून हिंदुस्थानात पाठवलं. अमेरिकेतल्या यादवीने 1861 नंतर वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि अकोला, बडनेरा, खामगाव या भागात जिन-प्रेसच्या चिमण्या उभ्या राहत गेल्या. यंत्र विलायती, पण ते चालतं ठेवणारा फिटर इथला. माझे वडील अशाच एका जिनात फिटर होते. कोणत्या उस्तादाने सुरी बसवण्याची कोणती युक्ती काढली, हे ते नावानिशी सांगत. ती नावं कागदावर कुठेच नव्हती. पेटंटचा कायदा मात्र देशात 1856 पासून होता. त्या वर्षी 3 मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला.

नाव कागदावर नसल्याची किंमत किती मोठी असते, ते मला दादाजी खोब्रागडे यांच्याकडे पाहून कळलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन थोडी, शिक्षण थोडं. 1983 मध्ये पटेल-3 या धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या रंगाच्या काही लोंब्या दिसल्या. ते बी त्यांनी जपलं आणि पुढची काही वर्षं निवडत-निवडत वाढवलं. बारीक दाणा, चांगला उतारा. धान बाजारात गेलं तेव्हा लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं, एचएमटी. 1994 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेलं. 1998 मध्ये वाण बाहेर आलं, पीकेव्ही-एचएमटी या नावाने. आपण वाणाचं शुद्धीकरण करून ते सुधारलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. तेही काम खरंच असतं, निवडीला शास्त्राची शिस्त लागते. पण ज्या माणसाने ती लोंबी पहिल्यांदा वेगळी ओळखली, त्याचं नाव वाणातून गळलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा दादाजी कोणत्या दारी जाणार होते? पेटंटच्या कायद्यात वनस्पतीला जागा नाही. वाणांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा आला 2001 मध्ये. नवं वाण काढणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणे नोंदणीचा हक्क त्याने दिला, पण तोवर एचएमटी पाच राज्यांत पसरलं होतं. 2005 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला, 2010 मध्ये फोर्ब्जने त्यांचं नाव घेतलं. 3 जून 2018 रोजी ते गेले, हलाखीतच.

त्याच विद्यापीठाची मिनी दाल मिल बघा. खेड्यात बचत गटाच्या बायकांना चालवता येईल एवढी लहान मशीन, विद्यापीठाच्या प्रक्रिया अभियांत्रिकी विभागाची. ती बनवायचा हक्क कारखानदाराला करारावर मिळतो. म्हणजे कागद करायची रीत आपल्याकडे आहे. संस्थेला ती ठाऊक असते, एकट्या माणसाला नसते.

आता ऑर्डर घेताना पहिल्या ड्रॉइंगच्या आधी मी स्टॅम्प पेपर काढतो. अडचण सांगणारा शोधक ठरत नाही, उपाय काढणारा ठरतो. मात्र हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, असं पेटंट कायदा सांगतो. म्हणून माझी आधीची कोणती रचना मशीनमध्ये जाणार, नवं काय निघालं तर अर्ज कोणी करायचा, ड्रॉइंग कोणाकडे राहणार, हे सगळं त्यात येतं. अर्जाआधी मशीन प्रदर्शनात ठेवायची नाही, अ‍ॅग्रोटेक या कृषी प्रदर्शनातसुद्धा नाही. चारचौघांत दाखवलेली गोष्ट सहसा नवी धरली जात नाही. आराखडा अपुरा असला तरी तात्पुरता अर्ज करून ठेवता येतो, पूर्ण मांडणीला मग बारा महिने मिळतात.

मूर्तिजापूरचे एक मिलवाले गेल्या हंगामात या कागदावर अडले. पैसे माझे आणि मशीन तुमची, हे त्यांना पटेना. दोन दिवस चहावर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. त्यांच्या स्वतःच्या मिलसाठी ते हव्या तितक्या मशीन माझ्याकडून किंवा कोणाकडूनही बनवून घेतील, पण विकणार नाहीत. मीही दोन हंगाम मूर्तिजापुरात दुसऱ्या कोणाला ती रचना देणार नाही. त्यानंतर ती मला अमरावतीला विकायला मोकळी, आणि प्रत्येक मशीनमागे ठरलेला हिस्सा त्यांना. अडचण त्यांनी सांगितली नसती तर मी तो उतार बदललाच नसता, म्हणून हिस्सा मीच सुचवला होता.